बिऱ्हाडकरू

यंदा जानेवारी फ्रान्कोफोन्तेला आला
तो थंडी घरीच विसरून.
एत्नाच्या माथ्यावर बर्फ होता म्हणायला,
पण रात्री आम्ही खिडक्या सताड उघड्या टाकून झोपलो,
आणि डास होते.

बाबांनी पहिलं संत्रं कापलं.
दुसरं.
सातवं कापून चाकू विजारीला पुसला.
आत नुसतं पिवळं,
कुठल्याही गावचं असतं तसं.
इम्पेल्लिझेरी व्यापारी फोड चघळत म्हणाला,
"गोड आहे, फिलादेल्फो. पण रक्त कुठंय?"
आणि भाव निम्म्यावर आणला.

रक्त कुठंय ते मला ठाऊक आहे.
आचिरेआलेच्या प्रयोगशाळेत मी पगार घेते तो त्याचाच.
पत्ता आहे माझ्याकडे, अक्षर न् अक्षर.

लाल रंगाचा जनुक तसा सगळ्याच संत्र्यांत असतो,
बटण न बसवलेल्या दिव्यासारखा.
कधीतरी, कुठल्याशा झाडाच्या एका डोळ्यात
(तारीख नाही, साक्षीदार नाही)
एक उपरा तुकडा हलला.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं त्याचं:
स्वतःची नक्कल काढायची कृती,
ती नक्कल कुठेतरी घुसवायची कृती,
संपला संसार.
पानाच्या कामाचा नाही, फळाच्या नाही.
त्याची एक नक्कल जाऊन बसली
ती नेमकी त्या दिव्याच्या उंबऱ्यावर.
थंडी वाजली की तो जागा होतो,
जागा झाला की ओरडतो,
आणि त्या ओरडण्यानं शेजारचा दिवा लागतो.
त्याला कुणाला लाल करायचं नव्हतं.

मग कुणीतरी फळ कापलं, दचकलं,
चाखलं,
आणि त्या फांदीचे डोळे दुसऱ्या झाडांवर भरले.
तेव्हापासून डोळे भरणंच चाललंय.
बाबांच्या हाताला राफियाच्या दोऱ्याचे वळ आहेत;
टेकडीवरची साडेतीनशे झाडं
म्हणजे तो एकच डोळा,
साडेतीनशे वेळा उघडलेला.

हे सगळं मी ऐकवलं तेव्हा बाबा म्हणाले,
"म्हणजे भाडेकरू. भाडं देतो का?"
"बहुतेक नाही. बहुतेक झोपलेले असतात,
पेशी त्यांना बाहेरून कड्या घालते.
एखादा सुटतो, भलत्या खोलीत शिरतो, घर मोडतो.
एखादा असा."
"किती आहेत?"
"आपल्यात? जवळपास निम्मं घर त्यांचंच."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या पोटाकडे. पाचवा महिना.
मी पुढचं बोलले नाही.

पुढचं चिरीना सुईणीला सांगितलं, ती ऐकून घेते म्हणून:
की ही वार,
जिला तू बाळंतपणानंतर बादलीत टाकतेस,
तिचं अस्तर विणणारा जनुक एका विषाणूचा आहे.
माणूस माणूस व्हायच्या कितीतरी आधी
तो कुणाच्या तरी अंगात शिरला आणि राहिला.
पेशीचं दार फोडायची त्याची विद्या,
त्याच विद्येनं आता पेशीला पेशी सांधली जाते
आणि माझ्या रक्तातलं मीठ पलीकडे जातं.
चिरीनानं हात धुतले, पुसले.
म्हणाली, "मला ती नेहमीच कुणा तिसऱ्याची वाटायची."

फेब्रुवारीत बाबांनी कुणाला न विचारता
सात पेट्या टेंपोत घातल्या
आणि आवगुस्ताला मावसभावाच्या मासळीच्या कोठारात नेल्या.
बर्फाच्या खोलीत नाही,
तिच्या बाहेरच्या बोळात, जिथं आठ अंश असतं.
तीन आठवडे रोज फोन:
"उठला का?"
मावसभावाला वाटायचं, कुणी आजारी आहे.

काल एक पेटी आली.
सालीला सार्डिनचा वास.
बाबांनी कापलं.
रक्त म्हणावं असं नाही;
सालीलगत चार-पाच लाल ओरखडे,
मांजरानं खेळता खेळता काढावेत तसे.

"झोपेतच आहे अजून," ते म्हणाले,
आणि अर्धी फोड माझ्यापुढे धरली.
मासळीचा वास आला, मळमळलं,
तरी मी खाल्ली.